टिगचा टॉर्च आणि त्याची केबल : नव्याने काम सुरू करणाऱ्यासाठी

परळीच्या एका तरुणाने टिग वेल्डिंगविषयी प्रश्न विचारला आहे. टिगमध्ये हातातल्या टॉर्चमध्ये टंगस्टनची काडी धरलेली असते; ती आणि कामाचा धातू यांच्यात विजेची ज्योत, म्हणजे आर्क, पेटतो आणि भोवती आर्गॉन गॅसचे आवरण असते. आयटीआयमधून वेल्डरचा ट्रेड पूर्ण करून त्याने नुकतेच स्वतःचे दुकान टाकले. २०० ॲम्पिअरचे, सिंगल फेजवर चालणारे एसी-डीसी इन्व्हर्टर यंत्र घेतले आणि त्यासोबत ‘१७’ असा आकडा असलेला, ४ मीटर केबलचा टॉर्च आला. स्टेनलेस स्टीलचे रेलिंग आणि डेअरीच्या टाक्यांची दुरुस्ती यांत टॉर्च व्यवस्थित चालतो. परंतु ॲल्युमिनियमचे काम घेतले की थोड्याच वेळात मूठ हातात धरवत नाही. टॉर्च खराब निघाला का, ‘२६’ आकड्याचा घ्यावा की पाण्यावर थंड होणारा घ्यावा, ८ मीटरची केबल चालेल का, आणि मध्येच कापली गेलेली केबल जोडून वापरता येईल का, असे त्याचे चार प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देतो. टॉर्च बहुधा खराब नाही. यंत्र २०० ॲम्पिअरचे आहे म्हणून सोबतचा टॉर्चही २०० ॲम्पिअर सोसतो, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे आणि विक्रेतेही तो सहसा दूर करीत नाहीत. १७ क्रमांकाचा टॉर्च डीसीवर साधारण १५० ॲम्पिअरचा मानला जातो, एसीवर त्याहून कमी. हा आकडाही सलग चालवण्याचा नसतो. टॉर्चच्या माहितीपत्रकात करंटच्या शेजारी ड्यूटी सायकल दिलेली असते आणि ती १० मिनिटांच्या हिशोबाने मोजतात. ३५ टक्के म्हणजे १० मिनिटांत साडेतीन मिनिटे आर्क आणि उरलेला वेळ विश्रांती. ६० टक्के म्हणजे सहा मिनिटे आर्क. एक उत्पादक १५० ॲम्पिअर ६० टक्क्यांवर सांगतो, दुसरा जवळपास तेवढाच आकडा ३५ टक्क्यांवर सांगतो, आणि दोन्ही टॉर्चवर ‘१७’च लिहिलेले असते. त्यामुळे दोन टॉर्चची तुलना करताना ॲम्पिअर आणि टक्केवारी हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. नुसत्या ॲम्पिअरवरून काहीच ठरत नाही.

आता ॲल्युमिनियमलाच मूठ का तापते, ते पाहू. स्टेनलेस किंवा लोखंड आपण डीसीवर, टॉर्च निगेटिव्हला जोडून चालवतो. अशा जोडणीत उष्णतेचा मोठा भाग, ढोबळमानाने ७० टक्के, कामाच्या धातूत जातो आणि टंगस्टनकडे कमी राहतो. ॲल्युमिनियमवर मात्र ऑक्साइडचा थर असतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि तो थर वितळायला २००० अंशांच्या वर तापमान लागते. तो फोडण्यासाठी एसी वापरतात. त्यातील ज्या अर्ध्या फेऱ्यात टंगस्टन पॉझिटिव्ह असते, त्या वेळी थर साफ होतो, परंतु त्याच वेळी उष्णता उलटून टंगस्टनवर आणि तेथून टॉर्चच्या डोक्यात येते. यंत्रावर एसी बॅलन्सचे बटण असेल आणि ते सफाईच्या बाजूला जास्त फिरवले असेल, तर टॉर्च आणखी लवकर तापतो आणि टंगस्टनचे टोक फुगून गोळा होतो. नव्या माणसाने आधी हे बटण तपासावे. वितळलेले ॲल्युमिनियम आरशासारखे चकाकत असेल, तर सफाई पुरेशी आहे. ती त्याहून वाढवण्याचे कारण नाही. शिवाय जाड ॲल्युमिनियम उष्णता भराभर ओढून घेते म्हणून आपण करंटही वाढवतो. परळीच्या दुकानात नेमके हेच घडत असावे. करंट १५० च्या आसपास, चालणे एसीवर, इंजिनच्या केसिंगसारखे जाड काम आणि थांबणे जवळजवळ नाही.

उपाय सांगण्यापूर्वी टॉर्च आतून कसा असतो, हे समजून घ्यावे लागेल, कारण तापण्याच्या निम्म्या तक्रारी सैल जोडणीतून येतात. यंत्र बंद करावे, टॉर्च स्वच्छ कापडावर ठेवावा आणि एकदा पूर्ण उघडावा. मागच्या बाजूची लांब टोपी म्हणजे बॅक कॅप. ती सैल केली की टंगस्टन मोकळे होते. टंगस्टनभोवती चिरा पाडलेली तांब्याची बारीक नळी असते, ती कॉलेट. पुढून सिरॅमिकचा कप फिरवून काढला की त्यामागे कॉलेट बॉडी दिसते. तिच्या अंगावरच्या छोट्या छिद्रांतून गॅस कपात उतरतो. कप आणि टॉर्चचे डोके यांच्या मध्ये पांढरी टेफ्लॉनची रिंग बसते. बॅक कॅप आवळली की ती कॉलेटला पुढे ढकलते, कॉलेटचे तोंड कॉलेट बॉडीच्या निमुळत्या जागेत दाबले जाते आणि चिरा मिटून टंगस्टन घट्ट पकडले जाते. संपूर्ण करंट या एवढ्याशा जागेतून टंगस्टनमध्ये शिरतो. ती पकड सैल असेल, तर तेथेच उष्णता तयार होते आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की टॉर्च कमी पडतो आहे.

जोडताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी रिंग, मग कॉलेट बॉडी, आणि ती मात्र चांगली घट्ट करावी, कारण डोक्यातील आट्यांतूनच तिला करंट मिळतो. त्यानंतर कप, त्यानंतर मागून कॉलेट आणि टंगस्टन, आणि शेवटी बॅक कॅप, बोटांच्या जोराने. बॅक कॅप पक्कडीने आवळणाऱ्यांचे कॉलेट पिळवटलेले निघतात आणि टंगस्टन आत अडकून बसते. बॅक कॅपच्या मुळाशी रबराची एक बारीक ओ-रिंग असते, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती तुटलेली किंवा उष्णतेने कडक झालेली असेल, तर गॅस वाहताना मागून हवा ओढली जाते. पुढे फ्लोमीटरवर प्रवाह बरोबर दिसतो, तरीही वेल्डमध्ये बारीक छिद्रे पडतात. सिलिंडर बदलून आणि गॅस भेसळीचा आहे म्हणून पुरवठादाराशी भांडून झाल्यावर शेवटी दोष या रिंगमध्ये सापडल्याची उदाहरणे वाळूजच्या शेडमध्ये मी अनेकदा पाहिली आहेत.

आता क्रमांकांविषयी. ९, १७ आणि २६ हे हवेवर, म्हणजे प्रत्यक्षात वाहत्या गॅसवर आणि भोवतालच्या हवेवर थंड होणारे टॉर्च आहेत. ढोबळमानाने अनुक्रमे १२५, १५० आणि २०० ॲम्पिअरचे. २० आणि १८ हे पाण्यावर थंड होणारे, साधारण २५० आणि ३५० ॲम्पिअरचे. क्रमांक वाढला म्हणजे ताकद वाढली, असा हिशोब येथे चालत नाही, कारण २६ पेक्षा १८ आणि २० दोन्ही बलवान आहेत. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की १७, १८ आणि २६ यांचे कॉलेट, कॉलेट बॉडी आणि कप एकाच घराण्याचे असून एकमेकांना चालतात, तर ९ आणि २० यांचे वेगळे, लहान आकाराचे आहेत. ऑनलाइन मागवताना मोठ्या घराण्याच्या साध्या भागांचे क्रमांक ‘१०एन’ने आणि लहान घराण्याचे ‘१३एन’ने सुरू होतात, एवढे पाहिले तरी चुकीचा संच घरी येत नाही. आकड्यापुढे ‘व्ही’ असेल, तर मुठीवर गॅस हाताने उघडण्याचा व्हॉल्व्ह आहे, आणि ‘एफ’ असेल, तर मान वाकवता येते. वाकणाऱ्या मानेचा टॉर्च पाइपच्या अडचणीच्या जागी उपयोगी पडतो, परंतु ती मान सतत वाकवल्याने आतील तांब्याची नळी थकते आणि गळू लागते. रोजच्या कामाला सरळ मानेचाच टॉर्च ठेवावा, असे माझे मत आहे.

कपाचा आकडाही असाच समजून घ्यावा. तो इंचाच्या सोळाव्या भागात असतो. ६ क्रमांकाच्या कपाचे तोंड ६/१६ इंच म्हणजे सुमारे ९.५ मिलिमीटर आणि ८ क्रमांकाचे अर्धा इंच. स्टेनलेसला रंग चांगला यावा म्हणून मोठा कप आणि गॅस लेन्स वापरणे फायद्याचे ठरते. गॅस लेन्स ही जाळी बसवलेली कॉलेट बॉडी असते. तिच्यातून गॅस भोवरे न घेता सरळ उतरतो आणि कोपऱ्यात पोहोचण्यासाठी टंगस्टन थोडे अधिक बाहेर काढता येते. १७ आणि २६ वर ती बसवताना तिची रिंग आणि तिचे कप वेगळे घ्यावे लागतात. जुन्या रिंगवर ती नीट टेकत नाही आणि मग ‘लेन्स लावूनही काळेच येते’ अशी तक्रार सुरू होते.

टॉर्च बदलण्यापूर्वी आणखी एक गोष्ट. आपल्याकडे मे महिन्यात परभणी-नांदेड पट्ट्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक उकाडा असतो. वेल्डिंग यंत्राची ड्यूटी सायकल ४० अंश तापमान गृहीत धरून दिलेली असते. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात कागदावरचा आकडासुद्धा पूर्ण मिळत नाही. हवेवर थंड होणाऱ्या टॉर्चचेही तेच, कारण थंड करणारी हवाच गरम असते. म्हणून उन्हाळ्यात जाड ॲल्युमिनियमचे काम सकाळी उरकणारे कारागीर मला शहाणे वाटतात. दुकानात कूलर असेल, तर त्याचा झोत कामावर येता कामा नये, कारण आर्गॉनचे आवरण हलक्या वाऱ्यानेही उडते आणि मग दोष गॅसवर किंवा टॉर्चवर जातो. कूलर पाठीमागे ठेवून झोत भिंतीवर सोडावा किंवा कामाभोवती पत्र्याचा आडोसा करावा.

आता २६ की पाण्याचा, हा प्रश्न. ज्या दुकानात रोजचे काम स्टेनलेसचे आहे आणि ॲल्युमिनियम अधूनमधून येते, तेथे १७ तसाच ठेवावा आणि ॲल्युमिनियमसाठी २६ चा दुसरा टॉर्च घ्यावा, असे मी स्पष्टपणे सांगेन. कॉलेट, कप आणि टंगस्टन तेच चालत असल्याने वेगळा खर्च फक्त टॉर्चचा होतो. मात्र २६ जड आहे. १.६ मिलिमीटर जाडीच्या पाइपवर ६०-७० ॲम्पिअरने दिवसभर काम करायचे असेल, तर तो हातात घेऊन काही मिळत नाही, उलट मनगट दुखते. १७ टाकून देऊन सर्वच कामाला २६ वापरणारे काही दिवसांनी पुन्हा १७ कडे येतात, ते यामुळेच.

पाण्याच्या टॉर्चचा खरा फायदा ताकदीपेक्षा आकारात आहे. २० क्रमांकाचा टॉर्च जवळजवळ ९ एवढा छोटा असूनही २५० ॲम्पिअरपर्यंत जातो, आणि त्याची मूठ थंड राहते. दिवसाचे पाच-सहा तास १५० ॲम्पिअरच्या वर सलग काम असेल, ॲल्युमिनियमच्या टाक्या किंवा जाड फ्रेम करायच्या असतील, तर तोच घ्यावा. परंतु २०० ॲम्पिअरच्या सिंगल फेज यंत्राला पूर्ण करंटवर स्वतःलाच विश्रांती लागते. टॉर्च थंड राहिला तरी यंत्र कट होणार असेल, तर त्या खर्चातून हाती काही लागत नाही. आधी यंत्राच्या पाटीवर २०० ॲम्पिअरसमोर किती टक्के लिहिले आहे, ते वाचावे.

पाण्याच्या टॉर्चची केबल कशी चालते, हे समजल्याशिवाय तो विकत घेऊ नये. त्याला तीन नळ्या असतात. एकीतून गॅस येतो. दुसरीतून थंड पाणी थेट टॉर्चच्या डोक्यापर्यंत जाते. तिसऱ्या नळीत तांब्याची वायर असते आणि डोके थंड करून परतणारे पाणी त्याच नळीतून, वायरला भिजवत, यंत्राकडे येते. पाणी सोबत असल्यामुळे त्या वायरचा आकार मुद्दाम बारीक ठेवलेला असतो, आणि केबल हलकी व लवचीक होण्याचे कारण तेच आहे. पाणी बंद असताना आर्क लावला, तर ती बारीक वायर काही क्षणांत जळते आणि नळीही वितळते. म्हणून पाण्याचा प्रवाह थांबल्यास यंत्र थांबवणारा फ्लो स्विच हवा. तो नसेल, तर निदान आर्क लावण्यापूर्वी परतीच्या पाण्याची धार डोळ्यांनी पाहण्याची सवय लावून घ्यावी. अमेरिकी पद्धतीच्या जोडण्यांत पाण्याच्या बाजूचे आटे उलटे असतात, त्यामुळे नळ्यांची अदलाबदल होत नाही. जोर लावून सरळ फिरवणाऱ्याचे पितळी नट मात्र खराब होतात.

येथे मराठवाड्यातील पाण्याचा विषय येतोच. आपल्या बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. गिझरची कॉइल आणि कूलरची गवताची जाळी वर्षभरात पांढरी होते, ते सर्वांना ठाऊक आहे. तोच क्षार टॉर्चच्या डोक्यातील बारीक वाटेत जमला की प्रवाह कमी होतो आणि डोके आतून भाजते. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर वापरावे किंवा टिगसाठीच बनवलेले कूलंट घ्यावे. गाडीच्या रेडिएटरचे कूलंट टाकू नये. टॉर्चचे पाणी जिवंत वायरला स्पर्श करत असते आणि गाडीचे कूलंट वीज वाहून नेते. त्यामुळे आर्क सुरू करणारी हाय फ्रिक्वेन्सीची ठिणगी पाण्यातून निसटते आणि आर्क धरेनासा होतो. बादली आणि कूलरचा पंप लावून केलेला जुगाड मी बऱ्याच ठिकाणी पाहतो. तो पंप पाणी हातभर वर उचलण्यासाठी केलेला आहे. चार मीटर जाऊन चार मीटर परत येणाऱ्या बारीक नळीतून मिनिटाला लिटरभर पाणी ढकलण्याचा दाब त्याच्यात नसतो.

हवेवरच्या टॉर्चची केबल साधी वाटते, पण तिच्यातही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात तांब्याची वायर गॅसच्या नळीच्या आतच असते आणि गॅस तिला चाटून जातो; त्यामुळे केबल एकच आणि बारीक राहते. दुसऱ्या प्रकारात वीज आणि गॅस वेगवेगळ्या नळ्यांतून येतात. पहिला प्रकार हाताळायला सोपा आहे. दुसऱ्यात बिघाड शोधणे आणि एकच भाग बदलणे सोपे जाते. सोबत स्विचची दोन तारांची बारीक वायर असते. मुठीजवळ ती वारंवार वाकते आणि आवरण शाबूत असतानाही आतून तुटते, मग बटण दाबूनही काही होत नाही. यंत्र बिघडले असे ठरवण्यापूर्वी स्विचच्या प्लगमधील त्या दोन पिना मल्टीमीटरवर तपासाव्यात आणि तपासताना केबल मुठीजवळ हलवून पाहावी.

लांबीचा प्रश्न त्याने बरोबर विचारला आहे, पण त्याची भीती चुकीच्या जागी आहे. लांब केबलमुळे करंट कमी होईल, असे त्याला वाटते. टिगचे यंत्र करंट स्थिर ठेवणारे असते; केबलमध्ये व्होल्टेज पडले, तर तेवढे ते वाढवून देते. पडलेले व्होल्टेज मात्र उष्णता होऊन केबलमध्येच राहते. १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या ४ मीटर वायरमधून १५० ॲम्पिअर गेले, तर सुमारे १०० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे पूर्वीच्या पिवळ्या बल्बएवढी. ८ मीटरला ती दुप्पट. ती लांबीभर पसरते म्हणून मोकळ्या केबलला फरक पडत नाही, परंतु उरलेली केबल गुंडाळी करून यंत्रावर टाकली की ती तेथेच साठते. गुंडाळी केल्याने हाय फ्रिक्वेन्सीची ठिणगीही कमजोर होते. शिवाय लांब नळीतील हवा बाहेर पडून आर्गॉन कपापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून प्री-फ्लो, म्हणजे आर्क लागण्यापूर्वी गॅस सोडण्याचा वेळ, वाढवावा लागतो. जिन्याच्या रेलिंगसाठी यंत्र खाली ठेवून वर काम करायचे असेल, तर ८ मीटर घ्यावी. टेबलावरच्या कामाला ४ मीटर पुरते. कोणतीही केबल टॉर्चच्या मानेवर लोंबकळू देऊ नये. ती खांद्यावरून किंवा हातावरून घ्यावी आणि तिच्यावर चामड्याची किंवा जाड कापडाची चेनची खोळ चढवावी, कारण केबल मरते ती बहुतेक वेळा जमिनीवरच्या गरम तुकड्याने आणि ट्रॉलीच्या चाकाने.

नळीचे आवरण कशाचे आहे, तेही पाहावे. पीव्हीसीची नळी स्वस्त असते, पण ती थंडीत काठीसारखी होते आणि हात तिच्याशीच झगडत राहतो; मऊ रबराची किंवा सिलिकॉनसारख्या आवरणाची नळी महाग असली, तरी बारीक कामात तिचा फरक लगेच जाणवतो. तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही बाजारात मिळते. लगच्या, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडाच्या, तोंडाशी एक बारीक तार पात्याने खरवडावी. आत पांढरी निघाली, तर ती केबल घेऊ नये. तीच काळजी अर्थिंगच्या केबलची. टॉर्चवर हजारो रुपये खर्च करून अर्थिंगला गंजलेला क्लॅम्प लावणारे खूप आहेत, आणि मग आर्क लपलप करतो, म्हणून ते टंगस्टन घासत बसतात.

यंत्राच्या बाजूची जोडणी बहुधा गोल, पिळून बसणाऱ्या पितळी प्लगची असते, तिला डिन्स म्हणतात. तिचे दोन आकार सर्रास आढळतात. एकाची पिन ९ मिलिमीटर आणि दुसऱ्याची १३ मिलिमीटर. नवा टॉर्च मागवण्यापूर्वी आपल्या यंत्राची पिन मोजावी, गॅस त्या प्लगमधूनच जातो की शेजारच्या वेगळ्या नळीतून, ते पाहावे आणि स्विचच्या प्लगच्या पिना मोजाव्यात. या तीन गोष्टी न पाहता मागवलेला टॉर्च परत पाठवावा लागण्याची शक्यता मोठी असते. प्लग आत घालून पूर्ण पिळला नाही, तर तो तापतो आणि सॉकेटचे प्लॅस्टिक वितळते. दिवसातून एकदा हात लावून पाहावे.

गॅसची गळती तपासायला साबणाचे पाणी पुरेसे आहे. गॅस सोडून सिलिंडरच्या नटापासून टॉर्चच्या मुठीपर्यंत प्रत्येक जोडावर ब्रशने फेस लावावा. ७ घनमीटरचे सिलिंडर मिनिटाला ८ लिटरने चालवले, तर सुमारे साडेचौदा तास आर्क मिळतो. मिनिटाला एक लिटर गळणारा जोड व्हॉल्व्ह उघडा राहिल्यास एका रात्रीत ७२० लिटर, म्हणजे सिलिंडरचा दहावा हिस्सा खातो. प्लंबरकडची पारदर्शक लेव्हल पाइप लावून काम भागवणारे लोक आहेत. ती उन्हाने कडक होते आणि क्लिपखाली चिरते. रबराच्या आणि प्लॅस्टिकच्या नळ्यांत रात्रभरात दमट हवाही शिरते, म्हणून पावसाळ्यात सकाळी पहिला आर्क लावण्यापूर्वी अर्धा मिनिट गॅस वाहू द्यावा.

टॉर्चची प्रकृती पाहण्यासाठी आर्क थांबल्यावर टंगस्टनचे टोक पाहावे. ते चांदीसारखे चमकत असेल, तर गॅस बरोबर पोहोचतो आहे. निळे किंवा काळे पडत असेल, तर एकतर पोस्ट-फ्लो, म्हणजे आर्क थांबल्यावरही गॅस वाहत राहण्याचा वेळ, कमी आहे किंवा कुठूनतरी हवा शिरते आहे. पोस्ट-फ्लो दर १० ॲम्पिअरला एक सेकंद या हिशोबाने ठेवावा. १२० ॲम्पिअरवर १२ सेकंद टॉर्च कामावरच धरून ठेवावा लागतो, आणि नवशिक्यांना नेमका हाच संयम राहत नाही. पोस्ट-फ्लो वाढवूनही काळेपणा गेला नाही, तर बॅक कॅपची ओ-रिंग, टेफ्लॉनची रिंग, कपाला गेलेला तडा आणि मग नळीचे जोड, या क्रमाने तपासावे. टंगस्टनची जाडी ही करंटनुसार घ्यावी. डीसीवर साधारण १५० ॲम्पिअरपर्यंत १.६ मिलिमीटर आणि त्यापुढे २.४. लाल पट्टीच्या टंगस्टनमध्ये थोरियम असते आणि त्याची धूळ किंचित किरणोत्सारी असते. नव्या दुकानात सोनेरी किंवा निळ्या पट्टीचे लँथनमचे टंगस्टन ठेवणे बरे, ते एसी आणि डीसी दोन्हींना चालते. घासताना मास्क लावावा आणि घासण्याच्या रेषा टोकाच्या दिशेने, लांबीत याव्यात.

डेअरीच्या टाकीत उतरून काम करणाऱ्यासाठी येथेच सांगणे आवश्यक आहे. आर्गॉन हवेपेक्षा जड असतो, त्याला वास नसतो आणि तो टाकीच्या तळाशी साचून हवा वर ढकलतो. आत काम करताना टॉर्च आत पडू देऊन जेवायला जाऊ नये, गळका जोड आत नेऊ नये, टाकीत हवा खेळती ठेवावी आणि बाहेर एक माणूस उभा असावा. घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी टंगस्टन बदलू नये. बदलण्यापूर्वी यंत्र बंद करावे, कारण हाय फ्रिक्वेन्सीच्या स्विचला चुकून धक्का लागला, तर झटका थेट बोटांत बसतो.

राहिला कापलेली केबल जोडण्याचा प्रश्न. साध्या वेल्डिंग केबलला लग किंवा जॉइंटर लावून जोडता येते, तसे येथे करू नये. एकत्र प्रकारच्या केबलमध्ये वायर गॅसच्या आत असते. जोडाच्या जागी तांबे जाड झाले की गॅसची वाट अरुंद होते, वर टेप गुंडाळली तरी गॅस गळतो, जोड तापतो आणि वाहत्या गॅसमुळे आतील उष्णता बाहेरून कळत नाही. शिवाय टेपमधून हाय फ्रिक्वेन्सी टेबलावर उडी मारते. काप यंत्राच्या टोकापासून हातभर अंतरावर असेल, तर केबल तेथे पूर्ण कापून मूळचा पितळी फिटिंग नव्याने क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून, घेता येतो; केबल तेवढी आखूड होईल, पण ती सुरक्षित राहील. हे काम हायड्रॉलिक क्रिम्पिंग असलेल्या दुकानातच करावे, हातोडीने दाबलेली क्रिम्प चालत नाही. काप मध्यभागी किंवा मुठीजवळ असेल, तर केबलचा पूर्ण संच बदलावा. स्वतंत्र गॅस नळीच्या टॉर्चमध्ये फक्त गॅसची नळी कापली गेली असेल, तर पितळी जोडनळी आणि दोन चांगल्या क्लिपा लावून ती दुरुस्त करता येते. मात्र तो जोड मुठीपासून दूर, यंत्राच्या बाजूला असावा आणि साबणाच्या पाण्याने तपासल्याशिवाय वापरात घेऊ नये.